पंचफुलामावशीचा चुट्टा

लातूर,
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप पंचफुलामावशीला वर्षाराणीचा नमस्कार.

फरीदाभाभी, शेजारच्या म्हणून हे पत्र तुम्हीच तिला वाचून दाखवणार, म्हणून तुम्हालाही सलाम. जरा मोठ्यानं वाचा. फोनवर मी ओरडते, ती नुसतं "हाव, हाव" करते, आणि फोन ठेवल्यावर तुम्हाला विचारते की पोरगी काय म्हणाली. म्हणून म्हटलं, कागदावरच लिहावं.

आम्ही सगळे खुशाल आहोत. सुदर्शनच्या क्लासमध्ये बारावीच्या परीक्षेची गडबड आहे, तो घरी फक्त जेवायला येतो म्हटलं तरी चालेल. मी रोज वीज मंडळाच्या ऑफिसात मीटरच्या तक्रारी ऐकून राहिले. समीक्षा आता पूर्ण वाक्यं बोलते. परवा म्हणाली, आई, तू ऑफिसला जाऊ नको, ऑफिसला इकडं बोलव. केस कुरळे आलेत, माझ्यासारखे. तिळाचे लाडू मिळाले ना? जरा कडक झाले होते. भाभींना खलबत्त्यात कुटून द्यायला सांग.

संक्रांतीला आम्ही अहमदपूरला सासूबाईंकडं गेलो होतो. तिथून नांदेड काही लांब नाही, हे मला कळतं. पण सुदर्शनचा दुसऱ्या दिवशी क्लास होता, आणि समीक्षाला गाडी लागते. दिवाळीलाही असंच काहीतरी झालं. उन्हाळ्यात तर नांदेडचं ऊन. असो.

इथं एक गोष्ट झाली. ती तुला सांगावी म्हणून खरं तर लिहायला बसले.

समीक्षा औसा रोडवर उज्वलाताईंच्या पाळणाघरात जाते. तिथं लेकरं सांभाळायला शिवगंगा नावाची बाई होती, रेणापूरकडची. पस्तिशीची असेल. अंगानं रोड, आवाज घोगरा. समीक्षा पहिल्या दिवसापासून तिच्याच कडेवर. दुपारी झोपायची तीही तिच्याच मांडीवर. संध्याकाळी मी घ्यायला गेले की हात माझ्याकडं करायची, पण मान तिच्याकडं वळलेली. आधी मला वाईट वाटायचं. मग त्याचंच बरं वाटायला लागलं, कारण ऑफिसात जीव थाऱ्यावर राहायचा.

समीक्षाच्या केसांना संध्याकाळी एक वास यायचा. तिला कडेवर घेऊन जिना चढताना मी तिच्या डोक्यात नाक खुपसायची आणि वर पोचेपर्यंत काढायची नाही. सुदर्शनला वासाचं काही कळत नाही, सर्दीचं नाक आहे त्याचं. मला कळत होतं. तो विडीचा वास होता. मी कुणाला सांगितलं नाही. का, ते पुढं सांगते.

डिसेंबरात एका मुलाच्या वडलांनी शिवगंगाला पाळणाघराच्या मागच्या भिंतीशी विडी ओढताना पाहिलं, फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नुसता जाळ. असल्या बाया ठेवताच कशा, आज विडी तर उद्या काय. बाईमाणूस ओढते याचाच राग जास्त होता. लिहिणाऱ्यांतले काही जण स्वतः टपरीवर उभे असतात. पण सगळेच तसे नव्हते, मावशी. एका आईनं एवढंच विचारलं होतं, की ओढून आल्यावर त्या हात धुतात का, माझं बाळ फार लहान आहे. तिला मी काय चुकीचं म्हणू? समीक्षालाही थंडीत धाप लागते. छाती सुं सुं वाजते, दवाखान्यात नेऊन तोंडाला मास्क लावून वाफ द्यावी लागते. ती तो मास्क दोन्ही हातांनी ओढून काढायला बघते आणि मी तिचे हात धरून ठेवते. डॉक्टरांनी बजावलंय, धूर नको, आणि ओढणाऱ्याच्या कपड्यांचा, हातांचाही त्रास होतो.

रविवारी उज्वलाताईंनी पालकांना बोलावलं. आमची पाळी आली तेव्हा सुदर्शन बोलला, की आमच्या मुलीला श्वासाचा त्रास आहे, आम्ही धोका घेऊ शकत नाही. तो बरोबरच बोलला. मी मान डोलावली. शिवगंगा दारात उभी होती. तिला विचारल्यावर म्हणाली, "वीटभट्टीवर होते तवा लागली, जागं राहायला. लेकरांपुढं कधी ओढली न्हाई. हात धुते, तोंड धुते." कुणी तिला ओरडलं नाही. उज्वलाताईंनी तिला काढलंही नाही, स्वयंपाकघरात घातलं. खिचडी करायची, भांडी घासायची, लेकरांना हात लावायचा नाही.

त्यानंतर एकदा मी ऑफिसातून लवकर सुटून गेले. समीक्षा स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराशी उभी होती. रडत नव्हती, मागत नव्हती. जाळीत बोटं अडकवून नुसती उभी. आत शिवगंगा पातेलं घासत होती आणि मान वर न करता म्हणत होती, "जा माय, तिकडं जा. ताई रागावतील." मला पाहिल्यावर ती पातेलं तसंच ठेवून मागच्या दारानं बाहेर गेली. त्याच आठवड्यात काम सोडून गेली. कुणी जा म्हटलं नव्हतं. समीक्षा आता दुपारची झोपत नाही. नवीन मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, पण समीक्षा बसून राहते, असं ती सांगते.

आता त्या वासाचं. मावशी, तू नांदेडला चौफाळ्यातल्या खोलीच्या पायरीवर बसून तंबाखूच्या पानाचा चुट्टा ओढायचीस आणि मी तुझ्या पाठीला टेकून बसायची. तू नात्याची नव्हतीस, तरी आई टेलिफोन ऑफिसच्या पाळीवर जाताना मला सांभाळायला तुझ्याकडंच सोडून जायची. तुझ्या लुगड्याला, गोधडीला, तू भरवलेल्या वरणभातालासुद्धा तो वास असायचा. आई न्यायला आली की आधी माझ्या डोक्याचा वास घ्यायची, घरी न्यायची आणि शिकेकाईनं न्हाऊ घालायची. रोज. थंडीतसुद्धा. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया रोज डोक्यावरून आंघोळ घालतात. ती तुला कधी काही बोलली नाही, आणि मला तुझ्याकडून काढून दुसरीकडंही ठेवलं नाही. तिला काय वाटत होतं, ते विचारायला ती आता नाही.

समीक्षाच्या केसांतून तो वास आला की मला तुझी पाठ आठवायची. म्हणून मी गप्प राहिले. तिच्या छातीला तो बरा नाही हे ठाऊक असूनही जिना सावकाश चढायची. हे सुदर्शनला सांगता आलं नाही, तुला सांगून राहिले.

भाभी, इथून पुढचं जरा सावकाश वाचा.

मावशी, गाडी लागते म्हणून आम्ही येत नाही असं नाही. समीक्षा तान्ही असताना एकदा आणली होती, तू तिला मांडीवर घेतलंस, आणि त्याच रात्री तिला पहिल्यांदा धाप लागली. तुझ्यामुळं लागली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीच ठरवून टाकलं. तेव्हापासून तुझ्या खोलीत तिला आणायची मला भीती वाटते.

तू चुट्टा सोडावास म्हणून लिहीत नाही. आई गेल्यापासून मला लहानपणी पाहिलेलं तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही, आणि तुला भेटावंसं फार वाटतं. लेकराला घेऊन येता येत नाही, आणि तिला सोडून तुझ्याकडं येण्यात अर्थ वाटत नाही. काय करू, तूच सांग.

तुझी
वर्षाराणी


नांदेड, चौफाळा
शिवरात्रीचा दुसरा दिवस

वर्षे,

मी सांगून राहिले, फरीदा लिहून राहिली. तिला म्हनलं, मी बोलते तसंच लिही, शानपना करू नको.

लाडू भेटले. कडक व्हते. फरीदानं कुटून दिले.

तुजं पत्र ऐकलं. आधी राग आला, अर्ध्यातच फरीदाला बंद कर म्हनलं. दुसऱ्या दिशी पुन्यांदा वाचायला लावलं, शेवटपतुर.

बिड्डा, पोरी, मला ठाऊक व्हतं. मी म्हातारी झाले, येडी न्हाई झाले. लेकरू घेऊन आलतीस तवा दाराच्या तोंडाशीच बसलीस, वाऱ्याला. मी लेकराला घेतलं तर तुजी नजर माज्या बोटावर. जायच्या येळी माज्यासमोरच तिचं झबलं बदललंस. तुजी आई निदान घरी जाऊन न्हाऊ घालायची.

ती मला बोलली व्हती. तुला म्हाईत न्हाई. तू चारेक वर्साची असशील. ड्युटीला जायच्या आधी पायरीवर बसली अन् म्हनली, पंचफुला, हे सोडता यील का? मी म्हनलं, बाई, सुटंना. मंग म्हनली, "तुज्याजवळ ती हसती, दुसरीकडं रडती. मी काय करू सांग." अन् उठून गेली. त्या दिसापासून तू खोलीत असलीस की मी बाहीर पायरीवर जाऊन ओढायची. तुज्यापास्नं लांब जायची मी. तर तू मागं मागं यायचीस अन् पाठीला टेकायचीस. आत जा म्हनलं तर हसायचीस.

आता बी सुटत न्हाई. देगलूरला माजी माय ओढायची, मायची मायबी ओढायची. मी न्हानपनीच धरला. कमी केला म्हनून लिहिलं तर तू येशील, अन् मंग लेकराला धाप लागली तर मी कुनाला तोंड दाखवू? तवा येऊ नको. लेकराला जप. तुजी भीती खरी हाय, मला तिचा राग न्हाई. राग हाय तो गाडी लागती म्हनून लिहिल्याचा.

लेकराचं अंगातलं एक झबलं पाठव. धुऊ नको. वास घेऊन ठेवते. तुजंबी एक व्हतं माज्याकडं, लई वर्सं. उंदरानं खाल्लं.

त्या शिवगंगाचा पत्ता लाव. ती खिचडी करायला न्हाई ऱ्हायली तिथं, मला समजतं.

सुदर्शनरावाला आशीर्वाद सांग. पोरीला माजं नाव सांग, म्हंजी कुनीतरी हाय एवढं तरी तिला समजंल.

पंचफुला

(वर्षाराणी, हे खालचं मी माझं लिहून राहिले, मावशीला वाचून दाखवणार नाही. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात त्यांनी खोलीला चुना मारून घेतला. सगळ्या गोधड्या गोदावरीवर नेऊन धुतल्या, या वयात. मी नेते म्हणलं तर ऐकलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, पाडवा आलाय. पाडव्याला महिना आहे अजून. आमच्या अंगणात चिंच आहे, चारी बाजूनं वारा लागतो, खोलीत जायचं कामच नाही. यंदा पाडवा आणि ईद लागून आल्यात. ईदला आमच्याकडं या. मी त्यांना तुम्ही येणार असं सांगणार नाही, नाहीतर त्या देगलूरला निघून जातील. – फरीदा)


लातूर,
९ एप्रिल २०२५

मावशी,

काल आईची पेटी उघडली, तिच्यात तुझा आणि माझा एक फोटो सापडला. पायरीवरचा. तू कॅमेऱ्याकडं न बघता माझ्याकडं बघतेस. तो मी देणार नाही, माझ्याकडंच ठेवते. झबलं मात्र सोबत पाठवते आहे. ईदला पिशवीतच होतं, द्यायचं राहून गेलं. धुतलेलं नाही. पुढं डाग दिसतो तो डाळिंबाचा आहे.

ईदच्या दिवशी आपण एवढा वेळ बरोबर होतो, पण तुझ्याशी माझं बोलणं असं झालंच नाही. म्हणून भाभींना पुन्हा त्रास देते.

आम्ही आलो तेव्हा तू घरी नव्हतीस, आणि भाभींनी तुला बोलावणं पाठवल्यावर तू लवकर आली नाहीस. मला वाटलं, खरंच देगलूरची गाडी पकडली. आलीस तेव्हा केस ओले होते आणि अंगाला साबणाचा वास. चिंचेखाली माझ्या शेजारी बाजेवर जागा होती, तरी तू लांब भिंतीजवळच्या फरशीवर बसलीस, हात पदराखाली घेऊन. सुदर्शननं खुर्ची आणली तीही नको म्हणालीस. त्याला वाईट वाटलं. रस्त्यात मला म्हणाला, पाळणाघरात मी बोललो ते त्यांना कळलंय का? मी म्हटलं, कळलंय, आणि त्यांनी तुला आशीर्वाद पाठवला होता.

समीक्षा तुला लाजत होती. तुझ्या हातावरचं गोंदण दिसलं तेव्हा ती जवळ आली. तू हात पुढं केलास आणि तोंड दुसरीकडं वळवलंस, तुझा श्वास तिच्यावर जाऊ नये म्हणून. ती बोटाला थुंकी लावून गोंदण पुसायला लागली. ते निघत नाही म्हणून तिला राग आला आणि तू हसलीस. तुझं ते हसणं मी किती दिवसांनी ऐकलं. मग थोड्या वेळानं तू न सांगता उठून गल्लीच्या टोकाला गेलीस. कशाला गेलीस ते मला कळलं, आणि कळलं याचा मला राग आला नाही, हे तुला सांगायचं होतं. परत आलीस ती आणखी लांब बसलीस. समीक्षा शीरखुर्म्याची वाटी घेऊन तुझ्याकडं यायला लागली तर म्हणालीस, "तिथंच ठेव बिड्डा, मी घेते." ती अंगणाच्या मध्येच थांबली. माझ्याकडं पाहिलं, तुझ्याकडं पाहिलं.

मला ते बघवेना. म्हणून मी उठून तुझ्याकडं आले आणि तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं. दुसरं काही सुचलं नाही. एवढी ऑफिसर बाई, नवरा समोर, भाभींकडचे पाहुणे आलेले. तू पदराखालचा हात काढून माझ्या केसांवर ठेवलास. साबणाखालून तोच वास आला. मला खरोखर झोप लागली, मावशी. समीक्षा झाल्यापासून मी दिवसा अशी कधी झोपले नव्हते.

पुढचं मी पाहिलेलं नाही, सुदर्शननं सांगितलं. मी झोपल्यावर समीक्षा आली आणि माझ्या पोटाला टेकून बसली. तुला उठता येईना, मी मांडीवर होते. तू एक हात माझ्या डोक्यावर ठेवलास आणि दुसरा तिच्या केसांवर, पण टेकवला नाहीस. नुसता वर धरून बसलीस. हात अवघडला तरी खाली घेतला नाहीस. सुदर्शन जवळ येऊन म्हणाला, "मावशी, ठेवा हात." तू मानेनंच नको म्हटलंस. तो म्हणाला, तसंच कितीतरी वेळ. हे सांगताना तो मध्येच उठून गच्चीवर निघून गेला.

त्या रात्री मी समीक्षाच्या छातीला कान लावून होते. श्वास सरळ होता. दुसऱ्या दिवशीही. आता तुझ्यापासून लपवत नाही म्हणून हेही सांगते, की पुन्हा आणीन तेव्हाही मी असाच कान लावून बसणार. खोलीत येणार नाही, अंगणातच बसणार. भीती गेलेली नाही. पण भीतीपायी न येणं आता मला जमणार नाही.

शिवगंगाचा पत्ता लागला. इथं शिकायला आलेल्या मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करते. मी भेटायला गेले तर आधी घाबरली. मग समीक्षा दुपारची झोपते का, एवढंच विचारलं. मी खरं ते सांगितलं. रविवारी बागेत ये म्हटलं, समीक्षाला घेऊन येते, मोकळ्यावर. आली. नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून. समीक्षा तिला पाहून धावली नाही. चालत गेली आणि तिचं बोट धरून मला सोडून पुढं निघाली. त्या दोघींच्या मागून मी चालत होते. मला आईची आठवण येत होती. पाळीवर जाताना ती गल्लीच्या वळणावर थांबून मागं बघायची का, तुला आठवतं? मी तर तुझ्याकडं तोंड करून बसलेली असायची.

मेमध्ये सुट्टी घेतली आहे. भाभींना आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुला पळता येणार नाही. चुना पुन्हा मारू नको, गोधड्या धुऊ नको, कंबर धरेल. समीक्षाच्या डोक्यावर तू हात ठेवायचा की नाही, ते तिचं तिला कळायला लागेल तेव्हा ती ठरवेल. माझ्या डोक्यावर ठेवायला तुला कुणाला विचारायची गरज नाही. मला काही होत नाही, मावशी. माझी वाढच तुझ्या पाठीशी झाली आहे.

तुझी, आणि आईनंही जिला तुझीच राहू दिलं ती
वर्षाराणी